कॅरॅव्हॅन घेऊन हर्णैला: सोय की घुसखोरी?

फिरस्ता_कोथरूड
जानेवारीत कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन चार दिवस दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर जाऊन आलो. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी, आत चार बिछाने, ओटा, छोटा संडास. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दर दीड तासाने पाय लांब करायला लागतात. आईला वाटेतल्या संडासांची धास्ती. म्हणून हा खटाटोप. फोटो ग्रुपवर टाकले तर एका मित्राने लिहिलं, "बंदरात बिऱ्हाड मांडायला लाज कशी वाटली नाही?" तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे.

माझं मत: अशा बंदरासाठी याहून चांगली सोय नाही. हॉटेलात उतरलं की नाश्ता, आंघोळी, मग निघेपर्यंत दहा वाजतात आणि लिलाव संपलेला असतो. आम्ही दार उघडलं तर समोर सुवर्णदुर्ग आणि ओल्या वाळूवर बैलगाड्या. मोठ्या बोटी आत उभ्या, मासळी लहान होडीतून उथळ पाण्यात येते आणि तिथून गाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात. एका मावशीने सुरमईच्या ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका माशाचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग पाहिला आणि बोली लावणाऱ्याकडे न बघताच आकडा टाकला. बाबा गाडीच्या पायरीवर बसून तासभर हे बघत होते. सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ मध्येच आलंय. मग चूक काय?

पाजपंढरीकर
गाडी नेमकी कुठे लावलीत? वर्णनावरून वाटतंय टेम्पो वळतात तिथेच. लिलाव झाला की माल बर्फात घालून निघायची घाई असते. एक टेम्पो अर्धा तास अडकला तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा. मावशी तुमच्याकडे बघून हसली असेल, पण तुम्ही गेल्यावर काय म्हणाली ते आम्ही ऐकतो.
बाबांना आणलंत ते चांगलं केलंत. त्याबद्दल राग नाही.

आसूदची_सून
दापोलीहून खाली उतरताना आसूदची वळणं आठवतायत ना? समोरून एसटी आली की आमची साधी मोटारही मागे घ्यावी लागते. मागच्या मे महिन्यात अशाच एका लांबड्या गाडीने आमच्या पोफळीच्या वाडीच्या कुंपणाचा दगडी गडगा खरवडला. चिरे अजून रस्त्याकडेला पडलेत.
दुसरं. जून २०२० च्या निसर्ग वादळात माड-पोफळी आडव्या झाल्या. नवीन पोफळ धरायला वर्षं जातात, तोवर खायचं काय? म्हणून कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. तुम्ही बिछाना पुण्याहून आणणार, गॅस पुण्याहून, तांदूळ पुण्याहून. गावात सोडून काय जाणार? सांडपाणी.

फिरस्ता_कोथरूड
ताई, हे जरा जास्त होतंय. पापलेट आणि कोळंबी बंदरावरच घेतली, गावातल्या एका काकूंकडून दोन दिवस सहा जणांचं जेवण करून घेतलं. रूमवर जे वाचलं ते माशांवरच उडवलं म्हणा ना. 🙂

मीनाक्षी_ठाणे
मी धागाकर्त्याच्या बाजूने. मुंबई-गोवा महामार्गावर बाईमाणसाने संडास शोधून दाखवावा, मग बोलू. माझ्या सासूबाई पाच वर्षं कुठेच गेल्या नव्हत्या, या एका कारणाने.
आणि सांडपाण्याचं म्हणाल तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं कुठे जातं हे कधी विचारलंत का? गाडी निघून तरी जाते. वाळूला लागून बांधलेलं काँक्रीट तिथेच राहतं. कर्दे-मुरूडला पुळणीवर जीप उडवणारे आणि भरतीत रुतल्यावर ट्रॅक्टरला हाका मारणारे वेगळे, त्यांच्या पापाचं माप आमच्या पदरात नको.

ओरेगॉनवासी
इथलं एक उदाहरण देतो. आमच्या किनाऱ्यावर न्यूपोर्ट नावाचं मासेमारीचं गाव आहे, खेकड्यांसाठी प्रसिद्ध. याक्विना खाडीच्या एका काठाला मासेमारीच्या बोटी, मासळीचे कारखाने, सगळी धांदल. आरव्ही पार्क, म्हणजे अशा घरगाड्यांचा तळ, आहे समोरच्या काठाला, आणि तो बंदराच्याच मालकीचा. नळ, वीज, सांडपाण्याची जोडणी जागेवर. म्हणजे पर्यटकाचं भाडं बंदराच्या तिजोरीत जातं आणि गाड्या कोळ्यांच्या पायात येत नाहीत. १९६७ च्या कायद्याने ओरेगॉनचा किनारा सगळ्यांना खुला आहे, पण म्हणून वाटेल तिथे वाळूवर गाडी लावून झोपता येत नाही. आम्ही मराठी मंडळी दर उन्हाळ्यात जातो. खेकडे उकडतो, वर मालवणी मसाला.
हर्णैला वाद गाडीचा नाहीच, जागेचा आहे.

खवट_म्हातारा
झालं, आली अमेरिका. अहो, हर्णैला बोटी लावायला धड धक्का मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं डोकं आपटतायत. बैल काय हौस म्हणून पाण्यात उतरवतात? त्या बैलांचे तुम्ही फोटो काढता आणि वर म्हणता किती सुंदर. आधी धक्का, मग तुमच्या घरगाडीला नळ.
आणि एक साधा प्रश्न. चार दिवस, सहा माणसं. संडासाची टाकी कुठे रिकामी केलीत? धागाकर्ते पापलेटचा हिशोब देतायत, याचा देत नाहीत.

मीनाक्षी_ठाणे
काका, प्रश्न बरोबर आहे, सूर चुकीचा.

खवट_म्हातारा
सूर जन्मापासून तोच आहे. उत्तर?

फिरस्ता_कोथरूड
उत्तर देतो. तिसऱ्या दिवशी टाकी भरल्याचा दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या साहेब, मी बघतो." आम्ही काकूंकडे जेवायला गेलो. तासाभराने तो गाडी घेऊन आला, दिवा विझलेला होता. मी विचारलं नाही.
भाड्याने देणाऱ्यांनी "सगळी व्यवस्था आहे" असं सांगितलं होतं. ती व्यवस्था म्हणजे हा ड्रायव्हर, हे मला तेव्हाच कळलं होतं, खोटं कशाला बोलू.

पाजपंढरीकर
खरं बोललात. आता कामाचं सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बंदरात जागाच जागा, पण बघायला शाकारलेल्या बोटी आणि पाऊस. नारळी पौर्णिमेनंतर या. गाडी बंदरात आणू नका, गावाबाहेर एखाद्या घरगुती खोलीवाल्याच्या अंगणात लावा. संडास, नळ त्यांचाच वापरा, भाडं त्यांना द्या. गाडीतल्या संडासाचं केमिकल मात्र त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, टाकीतले जिवाणू मरतात. पहाटे रिक्षाने बंदरावर. बाबांना बसायला खुर्ची आमच्या बर्फवाल्याकडे मिळेल, माझं नाव सांगा.

फिरस्ता_कोथरूड
हे जमेल. दिवाळीनंतरचं ठरवतो. ताई, तुमचं अंगण मिळेल का?

आसूदची_सून
गाडी वळली पाहिजे ना आत यायला. आधी गडगा बांधून द्या, मग बघू.