गणित, विज्ञान, जर्मन: एका मुलाला एक शिक्षक, हे बरोबर आहे का?

उद्यमबागकर
आपल्या बेळगावात मराठी माध्यमातून दहावी झालेलं मूल पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच खचतं. सगळे इंग्रजीला दोष देतात. मी संध्याकाळी घरी एकेका मुलाला गणित-विज्ञान शिकवतो आणि माझं मत वेगळं आहे. इंग्रजी शब्द हळूहळू अंगवळणी पडतात. खरा खड्डा मागे कुठेतरी असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

मध्यंतरी एक मुलगी 'मोल' (रसायनशास्त्रात पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) कळत नाही म्हणून आली. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, हे तिला पाठ होतं. मग ४५ ग्रॅम म्हणजे किती? गप्प. रसायनशास्त्र बाजूला ठेवून विचारलं, १८ रुपये किलोचे कांदे ४५ रुपयांत किती येतील? म्हणाली, "दोन किलो, आणि नऊ रुपये उरतील." म्हणजे कच्चं होतं ते गुणोत्तर, सहावी-सातवीतलं. आधी तेवढंच केलं, मोल नंतर तिचा तिनेच सोडवला. साठ जणांच्या क्लासात ही मुलगी सूत्र लिहून घेऊन घरी गेली असती.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमने १९८४ मध्ये मांडलं होतं की स्वतंत्र शिकवणीतलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. तेव्हा ऐपत असेल त्यांनी मोठ्या क्लासची फी भरण्यापेक्षा मूल पाहून शिकवणारा शिक्षक शोधावा.

जांबोटीकर
सर, ऐपतीवरच माझा आक्षेप आहे. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात शाळेची बस चुकली की दिवस गेला. तिथलं पोर खानापूरला शिकवणीला येणार कधी आणि परत जाणार कधी?

आणि ब्लूमचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. प्रत्येकाला वेगळा शिक्षक देणं बहुतेक समाजांना परवडणारं नाही, मग हेच वर्गात कसं साधायचं, हा तर त्याच्या त्या लेखाचा मूळ प्रश्न होता. घटक संपला की चाचणी, चुकलेलं पुन्हा शिकवायचं, परत चाचणी, मगच पुढचा घटक. एवढ्यानेही तीसेक मुलांच्या वर्गातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ८४ टक्क्यांच्या पुढे गेलं. ९८ टक्क्यांइतका मोठा फरक तर नंतरच्या अभ्यासांत सहसा दिसलेलाच नाही.

तुम्ही त्या मुलीसाठी केलंत ते तिच्या शाळेने सातवीत करायला हवं होतं. मी मराठी शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात आता मोजकी मुलं उरलीत, प्रत्येकाचं काय अडतंय ते मला दिसतं. पण माझ्याकडे एका वेळी दोन वर्ग असतात. शिक्षक द्या म्हणून आईबापांनी शाळेत येऊन भांडायला हवं. ज्यांचा आवाज ऐकला जाईल असे पालक शिकवणी लावून मोकळे होतात, मग मागणी करायला उरतं कोण?

वडगावची आई
दादा, भांडायला येते मी. पण नवा शिक्षक येईपर्यंत माझ्या मुलाचं पीयूचं वर्ष थांबणार आहे का?

उद्यमबागकर
ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण एक सांगतो, शाळेत शिकवणाऱ्याने त्याच मुलांची खासगी शिकवणी घेणं मलाही पटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ ते सरळ मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. मी शाळेत नाही. वर्गात राहिलेलं भरून काढणं, एवढंच माझं काम.

सिस्टरताई
मथळ्यातल्या प्रश्नात जर्मन कशाला ओवलंत? गणित-विज्ञान शाळेत आहे, निदान वेळापत्रकात तरी. जर्मन आपल्याकडच्या मराठी शाळांत नाहीच, त्यामुळे शाळेने करावं की शिकवणीने हा वादच तिथे लागू होत नाही.

मी नर्सिंग केलेल्या मुलींना जर्मन शिकवते. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण बी२ पातळी लागते, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी. आपल्या मुलींना जर्मनच्या चार विभक्तींची भीती वाटत नाही, शाळेत सात-आठ पाठ केलेल्या असतात. अडतं ते बोलण्यात. पंचवीस जणींच्या बॅचमध्ये एकीच्या वाट्याला तासाला दोन मिनिटं येतात.

तरीही एकटीला शिकवणं मी बंद केलं. माझ्याशी छान बोलणारी मुलगी अनोळखी माणसासमोर गप्प बसायची. बी२ च्या आधीच्या बी१ ची तोंडी परीक्षा सहसा दोन उमेदवारांची मिळून होते. एकीने ठरवायचं, दुसरीने हरकत घ्यायची, दोघींनी मिळून बेत जमवायचा. म्हणून मी दोघींची जोडी लावते. एक ड्यूटी संपवणारी सिस्टर, दुसरी ड्यूटीवर येणारी: पेशंटचा ताप किती, कोणतं औषध किती वाजता दिलं, रात्रीत काय झालं, सगळं जर्मनमध्ये सांगायचं. ऐकणारीने न कळलेलं लगेच विचारायचं. फीसुद्धा निम्मी होते. उद्यमबागकर सर, गणितातही दोघांना बसवून बघा. एकाने दुसऱ्याची चूक शोधली की ती दोघांच्याही लक्षात राहते.

उद्यमबागकर
ताई, खड्डे वेगळे असतील तर जोडी जमत नाही. एकाचं गुणोत्तर कच्चं, दुसऱ्याचं बीजगणितातलं चिन्ह चुकतं, अशा वेळी एक शिकतो आणि दुसरा बसून राहतो. सारखं अडणारे दोघं मिळाले तर मात्र नक्की करीन.

जांबोटीकर सर, पहिल्या दिवशी मी दहा गणितं देतो: अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, एककं. उत्तरापेक्षा रीत बघायची. तुम्हाला पाठवू का?

जांबोटीकर
पाठवा, सातवीला देतो. पण त्यावरून माझं मत बदलणार नाही. खड्डा सापडला तरी तो भरायला मला तासभर एकाच वर्गाजवळ थांबता आलं पाहिजे. वडगावच्या ताई, पुढच्या पालकसभेला दुसऱ्या शिक्षकाची मागणी लेखी द्या, शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची, म्हणजे आपल्या एसडीएमसीची सही घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत जाऊ नका.