हंगामाच्या मध्यात जिम बदलल्यास चिअर खेळाडूच्या पात्रतेचे काय होते?

प्रश्न (पालक):
आमची मुलगी अमेरिकेतील एका ऑल स्टार जिमच्या (शाळेशी न जोडलेल्या, स्पर्धात्मक चिअरलीडिंगच्या खासगी क्लबच्या) सिनियर लेव्हल ६ संघात (सिनियर हा वयोगट, लेव्हल ही कौशल्याची पातळी) फ्लायर, म्हणजे स्टंटमध्ये वर उचलली जाणारी खेळाडू आहे. डिसेंबरच्या स्पर्धेत तिच्या संघाला ऑरलँडो येथील वर्ल्ड्सची (चिअरलीडिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची) बिड, म्हणजे तिथे उतरण्याची प्रवेशपात्रता मिळाली. मात्र नवे प्रशिक्षक आल्यापासून स्टंटच्या (खेळाडूला उचलण्याच्या व उंच पेलण्याच्या कसरतींच्या) सरावातील सुरक्षिततेबद्दल आम्हांला काळजी वाटते, आणि दुसरी एक जिम तिला घेण्यास तयार आहे. ती याच हंगामात नव्या संघाकडून वर्ल्ड्समध्ये उतरू शकेल का? मिळालेल्या बिडवर तिचा काही हक्क राहतो का?

उत्तर (माजी प्रशिक्षक):
बिड खेळाडूच्या नावावर नसते. ती जिमच्या त्या विशिष्ट संघाला मिळते, त्यामुळे मुलीने जिम सोडली तरी बिड तिथेच राहील. पात्रतेचा विचार करताना ती या हंगामात कोणत्या संघाकडून प्रत्यक्ष मॅटवर उतरली, हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. केवळ सराव केलेला असता तर वाट सोपी होती, पण बिड जिंकलेल्या संघातून ती खेळली असल्यामुळे हे प्रकरण नाजूक आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या यूएसएएसएफचे (अमेरिकेतील ऑल स्टार चिअरचे नियम ठरवणाऱ्या महासंघाचे) नियम हंगामागणिक सुधारले जातात, म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाला मुभा मिळाली होती, या ऐकीव माहितीवर विसंबू नये. दोन्ही जिमची नावे, स्पर्धेची तारीख आणि विभाग कळवून महासंघाकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि ते हाती आल्याखेरीज नव्या करारावर सही करू नये.

उत्तर (दुसरे पालक):
जुन्या जिमशी झालेला करारही नीट वाचा. पूर्ण हंगामाचे शुल्क, कोरिओग्राफी आणि गणवेशाचा खर्च यांची बाकी हा पैशांचा प्रश्न आहे आणि पात्रता हा वेगळा; तरीही थकबाकीवरून जिम सोडतानाच्या कागदपत्रांना विलंब होऊ शकतो, म्हणून हिशेब लेखी मिटवावा.

उत्तर (संघ व्यवस्थापक):
नव्या संघातील खेळाडूंची संख्या आवर्जून विचारा. सिनियर स्मॉल विभागात कमाल २२ खेळाडू चालतात, त्यामुळे जागा भरलेल्या संघात तेविसावी खेळाडू घेणे म्हणजे संघाचा विभागच बदलणे होय, आणि बिड मिळाल्यानंतर तसे कोणताही जाणता प्रशिक्षक सहजासहजी करणार नाही. शिवाय फ्लायर बदलली की तिच्या बेस (तिला खालून उचलणाऱ्या खेळाडू) आणि बॅकस्पॉटसह (मागून आधार देणाऱ्या खेळाडूसह) पिरॅमिडही (अनेक स्टंट जोडून केलेली रचना) नव्याने बसवावा लागतो. यादीत नाव येईल, एवढे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

उत्तर (माजी प्रशिक्षक):
एक गोष्ट राहिली. सराव खरोखरच असुरक्षित असेल, तर तिचे स्टंट आजच थांबवा आणि कारण जिमच्या मालकांना लेखी कळवा; त्यासाठी पात्रतेच्या उत्तराची वाट पाहू नका. उत्तर नकारार्थी आले, तरी वर्ल्ड्स एप्रिलच्या अखेरीस संपतात आणि त्यानंतर लवकरच पुढील हंगामाच्या निवड चाचण्या सुरू होतात, तेव्हा ती नव्या जिममध्ये रीतसर दाखल होऊ शकेल.