आधी मोबाईल काढून घ्यायचा की आधी खेळ सुरू करायचा?

म्हार्दोळकर:
गोव्यात बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात. जेवण झाले की शिकवणीपर्यंतचे दोन-अडीच तास मोबाईलवर जातात. माझे ठाम मत: आधी मोबाईलला वेळ बांधा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २ ते ५ वर्षांसाठी जास्तीत जास्त १ तास आणि ५ ते १० साठी २ तासांपेक्षा कमी सांगितले आहे. पहिले काम म्हणजे ऑटोप्ले बंद करणे. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागतो, त्यामुळे मुलाला थांबायला जागाच मिळत नाही. ‘अजून १० मिनिटे’ म्हणण्यापेक्षा ‘हा भाग संपला की बंद’ म्हणा. भांडण निम्म्यावर येते.

साखळीची_ताई:
मला हे पटत नाही. मोबाईल काढून घेतला आणि तो तास रिकामा ठेवला, तर मूल टीव्हीसमोर बसणार. आधी तो तास भरा. सोबतीला मुले हवीत. चारजण जमले तरी लगोरी होते. सात चपटे दगड किंवा करवंट्या घ्या, चेंडू रबरी आणि मऊ ठेवा. टेनिसचा चेंडू भिजला की जड होतो, लागतो.

म्हार्दोळकर:
ताई, जून ते सप्टेंबर काय करायचे? चिऱ्यांच्या अंगणावर शेवाळ धरते, पाय सटकतो.

साखळीची_ताई:
पावसात बाल्कांव (घरापुढचा छपराचा ओटा) किंवा देवळाचा मंडप, विचारून. दोरीउड्या घ्या. दोरीच्या मध्यावर उभे राहून दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की माप बरोबर. लांब दोरी पायात अडकते आणि मूल कंटाळून सोडून देते. २० सेकंद उड्या, ४० सेकंद विश्रांती, असे आठ फेरे. उडी दोन-तीन सेंटीमीटरच, पायांत बूट. फरशीवर अनवाणी उंच उड्या मारल्या की नडगी दुखू लागते. लंगडीत दर फेरीला पाय बदलायला लावा.

पेडणे_पीटी:
दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. आठ फेऱ्यांत आठच मिनिटे भरतात. शिवाय मंडपात डोळ्यांना उजेड मिळत नाही. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट असतो, आणि लहान वयात लांबचे अंधुक दिसून चष्मा लागण्याचा धोका त्याने कमी होतो. म्हणून पावसाने उघडीप दिली की शिकवणी बाजूला ठेवा, मुलांना बाहेर काढा. मला खरी अडचण शिकवणीचीच वाटते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच ते साडेसहा शिकवणी ठेवली, तर उन्हे उतरल्यावरचा खेळ बुडालाच.

म्हार्दोळकर:
दहावीच्या मुलाची शिकवणी कशी हलवणार?

पेडणे_पीटी:
दहावीची नाही, पण तिसरी-चौथीची साडेतीनला घेता येते. पाच पालकांनी मिळून शिकवणीच्या बाईंना सांगा. पाच मुले सुटली की खेळायला गडीही तयार.