शुक्राच्या रडार-चित्रात पांढरं दिसतं ते काय?

शुक्रोदय: आनंदीबाई जोशींच्या नावाचं शुक्रावरचं ‘जोशी’ विवर (५.५° उत्तर, २८८.८° पूर्व, व्यास सुमारे ३४ किमी) मॅजेलन या शुक्राभोवती फिरलेल्या यानाच्या रडार-नकाशात पाहतोय. शुक्रावरच्या बऱ्याच विवरांभोवतीचा पट्टा पांढरा आणि तळ काळा दिसतो. म्हणजे हे दोन वेगळे खडक धरायचे का?

खडकवाट: नाही, एवढ्यावरून खडक ठरवू नका. हा कॅमेऱ्याचा फोटो नाही. रडारची तरंगलांबी १२.६ सेंमी होती. साधारण तेवढ्या आकाराचे दगड-खळगे असले की लहरी सगळीकडे विखुरतात, काही यानाकडे परततात आणि जागा पांढरी उमटते. आघाताने उडालेला राडारोडा असाच खडबडीत असतो. गुळगुळीत लाव्हावरून लहरी पलीकडे निसटतात, म्हणून तळ काळा. दोन्ही बेसॉल्टच असू शकतात. प्रसिद्ध चित्रांतला नारिंगी रंगही नंतर चढवलेला आहे, तो मनात धरू नका.

आपतनकोन: उताराचाही हिशोब ठेवा. नकाशा काढण्याच्या पहिल्या फेरीत यानाचं रडार पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत होतं, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेले उतार उजळ आणि आखडलेले दिसतात. उतार आपतन कोनापेक्षा (रडारची लहर उभ्या रेषेशी करते त्या कोनापेक्षा) तीव्र असेल तर माथा पायथ्यावर कोसळल्यासारखा उमटतो. दुसऱ्या फेरीत बहुतेक उलट बाजूने पाहिलं होतं. त्या भागाचं तसं चित्र मिळालं तर शेजारी ठेवा: उजळ कडा बाजू बदलत असेल तर तो उतार, दोन्हींत उजळच राहिली तर खडबडीतपणा किंवा पदार्थ.

खडकवाट: त्यातला पदार्थ ओळखायला उत्सर्जकतेचा, म्हणजे पृष्ठभाग स्वतःहून किती लहरी बाहेर टाकतो त्याचा, नकाशा उघडा. मैदानांत ती ०.८५च्या आसपास असते. मॅक्सवेल पर्वतासारख्या उंच जागी ती एकदम घसरते आणि रडारचा परतावा वाढतो. तिथे विद्युतगुणधर्म वेगळे असलेलं काहीतरी पृष्ठभागावर आहे. धातूंच्या संयुगांचा थर हा त्यावरचा एक अंदाज. मैदानातल्या विवराला हे कारण सहसा लागू पडत नाही.

शुक्रोदय: मग विवराची खोली यानावरच्या उंचीमापकाच्या आकड्यांवरून काढू?

आपतनकोन: ३४ किमीच्या विवरासाठी ते भरवशाचं नाही. उंचीमापकाचा एकेक ठिपकाच (एका मापात येणारा जमिनीचा तुकडा) १० किमी किंवा त्याहून मोठा आहे. कड आणि तळ एकाच आकड्यात मिसळतात आणि खोली कमी भरते. तिसऱ्या फेरीत पहिल्या फेरीसारखं पश्चिमेकडूनच, पण वेगळ्या कोनातून चित्रं घेतली होती. पहिल्या फेरीच्या चित्राशी त्यांची जोडी लावून, दोन्हींतल्या एकाच बिंदूच्या सरकण्यावरून उंची काढा. तळ अगदी गुळगुळीत असेल तर जुळवायला खुणा सापडत नाहीत; तेव्हा तळातला मध्यवर्ती सुळका आणि कडेच्या पायऱ्या धरा.