मदत हवी आहे: तेलाची पातळी उतरली तरी प्रिझम सेन्सर 'ओला'च दाखवतो

खोबरेल तेलाच्या टाकीत वरून उभा सोडलेला ॲक्रिलिक प्रिझम आहे, टोक ९० अंशांचं. ९४० नॅनोमीटरचा आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा) एलईडी ५ व्होल्टवर २२० ओहममधून, परतलेला प्रकाश ओळखणाऱ्या फोटोट्रान्झिस्टरला १० किलोओहमचा पुल-अप (५ व्होल्टला जोडलेला रोध). कोरडा असताना प्रकाश टोकावरून पूर्ण परततो, म्हणून आउटपुट ०.४ व्होल्ट; बुडाला की प्रकाश तेलात निसटतो, म्हणून ४.६. इथवर चोख. पण तेल उतरल्यावर ३ व्होल्टच्या खाली येतच नाही.

नुसत्या पातळ, सपाट थराने असं होणार नाही; थराच्या बाहेरच्या बाजूवरून प्रकाश पूर्ण परततोच. घोळ टोकाला लोंबणाऱ्या थेंबाचा आहे: त्याच्या गोलाईवर कोन बदलतो आणि प्रकाश निसटतो.

प्रिझम टाकीच्या भिंतीतून आडवा, धार उभी ठेवून बसवला तर थेंब प्रकाशाच्या वाटेतून खाली सरकेल का? कुणी केलंय? आणि थंडीत तेल थिजल्यावर टोकावर गोळा धरतो, त्याला हीटरशिवाय काही इलाज?