फ्लोरिडातला सेल्स टॅक्स : थेट बुकिंगचं काय?
'एअरबीएनबी (घर भाड्याने द्यायची वेबसाइट) टॅक्स कापून परस्पर भरतं, मग आपण कशाला डोकं शिणवायचं?' हा पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्यांचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. फ्लोरिडात सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर 6% राज्य सेल्स टॅक्स लागतो, त्यावर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) सरटॅक्स, म्हणजे जादा कर, आणि बहुतेक ठिकाणी टुरिस्ट टॅक्स. राज्याचा हिस्सा प्लॅटफॉर्म भरतो, पण काही काउंट्या टुरिस्ट टॅक्स स्वतः गोळा करतात. तिथे तो कुणाच्या गळ्यात आहे, हे काउंटीच्या टॅक्स कलेक्टरला विचारूनच घ्या.

खरी गोची थेट बुकिंगची. ओळखीतले पाहुणे आले, पैसे झेलवर (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) घेतले, की सगळा टॅक्स आपल्याच डोक्यावर. मी पहिल्या वेळी फक्त भाड्यावर लावला. सक्तीची क्लीनिंग फीसुद्धा करपात्र असते हे नंतर कळलं. पाहुणे तोवर घरी पोचलेले, फरक मुकाट्याने खिशातून भरला. (परत करायच्या डिपॉझिटवर मात्र नाही लागत.)

आणि एकदा राज्याकडे या टॅक्ससाठी नोंदणी केलीत की घर रिकामं असलं तरी शून्याचं रिटर्न भरायचं, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत. चुकलं तर किमान 50 डॉलर दंड, कर शून्य असला तरी!