मदत हवी आहे: नोकरी सोडून पूर्णवेळ गाऊ का? सोमवारपर्यंत सांगायचंय

सांजवेळ
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. ऑफिसात कायम करताहेत, पण बदली गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्याला. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. गाण्यावाचून मला करमत नाही, कार्यक्रमही मिळताहेत. पण हॉटेलांचा सीझन संपल्यापासून तार षड्ज (वरचा सा) लावायला गेलं की आवाज चिरकतो. सगळे म्हणाले मेहनत वाढव. वाढवली, तर आणखी बिघडलं. पूर्णवेळ गायला लागले तर आवाज सुधारेल का? आणि गाण्यावर आयुष्यभर पोट भरतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. ‘मनाचं ऐका’ नको, ते घरी ऐकतेच आहे.

पेटीवाला
ताई, काय गाता? वय किती? शिकणं चालू आहे का? पट्टी कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग कोण काय सांगणार?

मांडवीकाठ
सोडा नोकरी. दोन डगरींवर पाय ठेवून कोणी गवई होत नाही. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. पुढे मैफली गाजायला लागल्या तरी शिकणं सुटलं नाही, १९४६ साली खाँसाहेब गेले तोपर्यंत. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. असलं काम फायली सांभाळून होत नाही.

पेटीवाला
मांडवीकाठ, सोयीचं तेवढंच उदाहरण घेताय. मंगेशीचे अभिषेकीबुवा मुंबईत आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी करत होते. म्हणून गाणं उणं पडलं का? गायिका मोगूबाई कुर्डीकरांनी पती गेल्यावर तीन मुलं वाढवली, शिकवण्या केल्या आणि गाणंही टिकवलं. केसरबाईंच्या काळात गवयांना पोसणारे धनिक होते. आज सोमवारी राजीनामा दिला तर मंगळवारी हिला कोण पोसणार?

ध्वनी_कुडचडे
स्टेजवर साधा डायनॅमिक माईक वापरा. कंडेन्सर घरी रेकॉर्डिंगला ठीक, मंडपात तो पंखा आणि फटाकेसुद्धा पकडतो. आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, मागून घ्या. आयोजक टाळाटाळ करतात, तरी मागाच.

सांजवेळ
माईकचं विचारलं नव्हतं हो. असो. वय ३१. गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, मग गुरुजी वारले, तेव्हापासून एकटीच रियाझ करते, पांढरी चारमध्ये. जत्रांना अभंग आणि नाट्यगीतं, चतुर्थीत भजनं. नोव्हेंबर ते मार्च बाणावलीकडे एका हॉटेलात शनिवार-रविवार हिंदी सिनेमाची जुनी गाणी, ट्रॅकवर (रेकॉर्ड केलेल्या साथीवर). राहते मडगावात. आता सांगा, सोमवार जवळ आलाय.

वाचा_उपचार
मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. ट्रॅक मूळ गाण्याच्याच पट्टीत का? गाताना स्वतःचा आवाज ऐकू येतो का? सकाळी उठल्यावर आवाज कसा असतो? कार्यक्रमानंतर जेवता किती वाजता?

सांजवेळ
मूळ पट्टीतच, लोकांना तसंच हवं असतं. स्पीकर दोन्ही पाहुण्यांकडे तोंड करून, मला माझं काही ऐकू येत नाही. सकाळी घोगरा. ऑफिसात फोन उचलला की पलीकडून ‘सर’ म्हणतात. दुपारपर्यंत मोकळा होतो. जेवण रात्री बाराच्या पुढे, लगेच झोप.

ध्वनी_कुडचडे
म्हणून तर मॉनिटरचं सांगत होतो! ऐकू आलं नाही की माणूस ओरडतोच.

वाचा_उपचार
अगदी खरं. ताई, तुमचा गळा पांढरी चारचा आणि सीझनभर आठवड्यातून दोन रात्री तो वरच्या पट्टीत ताणला गेलाय, तोही ऐकू न येता. त्यावर उशिरा जेवून आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. सकाळच्या घोगरेपणाचं तेही कारण असू शकतं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज असा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यायचेच. खाजगीत नको असेल तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा. लहान गाठी असल्या तरी घाबरू नका, बऱ्याचदा त्या उपचाराच्या व्यायामांनी आणि सवयी बदलून जातात. तोवर वरच्या पट्टीतली मेहनत बंद. कुजबुजूसुद्धा नका, त्यानेही ताण येतो.

खर्जसाधक
दुर्बीण कशाला? पहाटे चारला उठून तासभर खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) लावा, ज्येष्ठमध चघळा. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चालत आलंय.

वाचा_उपचार
निरोगी गळ्याला खर्ज उत्तम. सुजलेल्या तंतूंवर तासभर नको.

खर्जसाधक
मोगूबाईंच्या लेकीचा, किशोरीताई आमोणकरांचा आवाज पंचविशीत गेला होता, तो आयुर्वेदाने परत आला. त्याला काय म्हणाल?

वाचा_उपचार
आला, याचा मलाही आनंदच आहे. पण त्या काळात त्या रोज पहाटे उठून गळा ताणत नव्हत्या. ताईंना विश्रांतीच लागणार आहे.

रानफूल
मोगूबाईंचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. त्यांचं गाव कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेलं. मेमध्ये पाणी ओसरल्यावर गाव वर येतं, ते बघायला सांग्याहून रस्ता चांगला आहे का? आईला न्यायचंय.

पेटीवाला
रानफूल, वेगळा धागा काढा ना.

संगीतशिक्षिका_फोंडा
पोटाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, गोव्यात गाण्याचं वर्ष सारखं नसतं. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रा, त्यातच हॉटेलं. मग मे संपायच्या आत किनाऱ्यावरचे शॅक मोडतात आणि पाऊस येतो. श्रावणात वास्कोचा भजनी सप्ताह, पुढे चतुर्थी. पण जून-जुलैत फोन वाजतच नाही, आणि भाडं तर दर महिन्याला द्यावं लागतं. मी हे सगळं भोगलंय. मला तारलं ते शिकवण्यांनी. पावसाळ्यात मुलं रिकामी असतात, दारात पाणी, आत आठ-दहा जणांचा सा लागलेला. त्यातच माझा पाया पक्का झाला, दुसऱ्याचा स्वर सुधारताना आपला कान तयार होतो. म्हणून माझं मत: आधी विशारद करा आणि एकटीने रियाझ थांबवा. कुणीतरी समोर बसून ‘इथे दाबतेस’ म्हणणारं हवं. गुरुजी गेल्यापासून तुम्हाला ऐकणारंच कोणी नाही, मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. नोकरी सोडायचीच तर पावसाळ्याचे खर्च बाजूला ठेवून सोडा, बिघडलेल्या गळ्यानिशी मुळीच नको. बदली किती वर्षांची आहे?

मांडवीकाठ
मडगाव-पेडणे रोज जाऊन-येऊन रियाझ कधी करणार? बाईंचं बाकी पटलं, पण हे मला अजून खटकतं.

संगीतशिक्षिका_फोंडा
कोकण रेल्वे आहे. नाहीतर पेडण्यालाच खोली घ्यायची. तिथली भजनी मंडळं कान देऊन ऐकणारी आहेत, एकट्या बाईला तिथे गाणं परकं वाटणार नाही.

सांजवेळ
बदली तीन वर्षांची. शुक्रवारची तपासणीची वेळ मिळाली. नोकरीचं डॉक्टर काय सांगतात ते ऐकून लिहीन. हॉटेलवाल्याला फोन केला, मॉनिटर द्यायला तयार आहे. ट्रॅकचं मात्र म्हणतो, दुसरे आणणार नाही. काय करू?

ध्वनी_कुडचडे
दुसरे कशाला? तेच ट्रॅक उतरवता येतात. वेग तसाच ठेवून पट्टी खाली आणणारी फुकट अ‍ॅप मोबाईलवर मिळतात. दोन-तीन स्वर खाली आले तर पाहुण्यांना कळणारही नाही. फार खाली नेलेत तर वाद्यं भसाडी वाटतात, तेवढं सांभाळा. गाण्यांची यादी व्यक्तिगत निरोपात पाठवा, पहिली पाच मी करून देतो.